वाईटपणा कोण घेणार?

मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडची जुनी मशीद 1582 सालची, खुदावंतखान महदवीने बांधलेली. सव्वाचारशेहून अधिक पावसाळे तिने दगडावर झेलले. मातीच्या भिंतीला एकच पावसाळा पुरतो. मृग जवळ आला की टिनांवर ताडपत्री ओढायची, वर दगड ठेवायचे, हे आपल्या गावांत आजही चुकत नाही.

अशी घरं पक्की व्हावीत म्हणून प्रधानमंत्री आवास योजना 2016 साली ग्रामीण भागात आली तेव्हा सपाटीवरच्या घरासाठी 1 लाख 20 हजार रुपये ठरले. केंद्राचा आकडा तिथंच राहिला. सिमेंट, सळई आणि मिस्त्रीची मजुरी मात्र थांबली नाही. रोजगार हमीची 90 दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे 12 हजार वेगळे मिळतात. राज्यानेही 2025मध्ये 50 हजारांची भर घालायचं ठरवलं. पण पहिला हप्ता 15 हजारांचा! पुढचे पैसे बांधकाम जसं वर येईल तसे, फोटो चढल्यावर. म्हणजे राहतं घर पाडा, उसनवारी करून पाया भरा आणि लेकरंबाळं घेऊन ताडपत्रीखाली हप्त्याची वाट पाहा. गाठीला चार पैसे असलेल्यालाच हे झेपतं. जागाच नसेल तर ती घ्यायलाही पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची योजना आहे. गावठाणात जागा विकणारा मात्र भेटला पाहिजे.

इथवर सरकारला बोल लावता येतो. घर कुणाला मिळणार, त्या यादीच्या बाबतीत तेवढं सोपं नाही.

पात्र-अपात्र ठरवायला नावं ग्रामसभेपुढे येतात. कुणाच्या भिंती कशाच्या, कुणाची शेती किती, हे गावाला तोंडपाठ असतं. समजा, स्लॅबच्या घरात राहणाऱ्या एकाचं नाव वर आहे आणि पडक्या खोलीतली विधवा बाई खाली कुठंतरी. वाचणारा नाव वाचतो, विचारतो, ‘हरकत आहे का कोणाची?’ पंखा फिरत राहतो. हरकत घ्यावी तर तो भाऊबंद निघतो, नाहीतर धुऱ्याला धुरा लागून त्याचं वावर असतं. उद्या बैलगाडी त्याच्याच बांधावरून न्यायची असते. मनात सगळ्यांच्या एकच : वाईटपणा कोण घेणार?

मला या गप्प बसण्याला भेकडपणा म्हणवत नाही. गावात वैर परवडत नाही, हे खरंच आहे. पण त्या गप्प बसण्याची किंमत आपल्या खिशातून जात नाही, ती बाई भरते. आणि तिला तर सभेला यायलाही जमलेलं नसतं. तिची त्या दिवशीची मजुरी बुडाली असती.

सभा उठते, बाहेर चहा येतो. कुणीतरी हळहळतो, ‘तिचं नाव पुढच्या सर्व्हेत बघू.’ घरकुलांच्या ‘ड’ यादीचा सर्व्हे 2018चा. पुढचा यायला 2025 उजाडलं.