झाकण कधी काढायचं?

फेब्रुवारीत लीड्समध्ये लवकर अंधार पडतो. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत तेव्हा एका पेटीचा छोटा लाल दिवा लागलेला असतो. ही पेटी म्हणजे प्रॉपगेटर. खाली विजेवर गरम होणारा तळ, त्यावर मातीचा ट्रे, वर पारदर्शक झाकण आणि झाकणाला उघडता-मिटता येणारी दोन भोकं. इतकंच. मिरचीचं बी नीट रुजायला माती २० ते २५ अंशांच्या आसपास, जमलं तर थोडी जास्तच गरम लागते. आमचं घर रात्री १५-१६ अंशांवर येतं. एवढ्या गारठ्यात ओल्या मातीतलं बी रुजण्याआधी कुजायची भीती. सांगली जिल्ह्यात जे काम ऊन फुकट करतं, ते इथे मी वीज जाळून करते.

पहिल्या वर्षी मी २४ बिया लावल्या. आठव्या दिवशी पहिला कोंब दिसला, मान खाली घालून मातीतून वर येणारा. एकूण २१ उगवल्या. मी इतकी खूश झाले की झाकण काढायचं मनातच येईना. बाहेर थंडी, आत ऊब. काढायचं कशाला?

दोन आठवड्यांत रोपं उंच झाली, पण दोऱ्यासारखी. ऊब भरपूर आणि उजेड कमी असला की रोप उजेडाच्या शोधात नुसतं लांबत जातं. मग एका सकाळी सहा रोपं बुडाशी काळी पडून आडवी झालेली दिसली. कोंडलेल्या, दमट हवेत बुरशीचं फावतं. शेवटी नऊ उरली. माझ्याकडून काही कमी पडलं म्हणून ती गेली नव्हती. जास्त झालं म्हणून गेली.

तेव्हा आप्पांचे गादीवाफे आठवले. रोपं शेतात लावायच्या आधी आठवडाभर आप्पा वाफ्याचं पाणी कमी करायचे. दुपारी रोपं माना टाकायची. मी आठ-नऊ वर्षांची होते, मला ते बघवेना. एकदा गुपचूप दोन तांबे पाणी घातलं. आप्पांनी ओला वाफा बघितला आणि एवढंच म्हणाले, "आज तू पाजशील गं, रानात कोण पाजणार?" मला ते निष्ठुर वाटले होते. आज कळतं की तेही रोज संध्याकाळी वाफ्याशी उकिडवे बसून पानं बघायचे. पाणी तोडलं होतं, लक्ष नव्हतं तोडलं.

हे सगळं आता आठवायचं कारण माझा धाकटा भाऊ. गेल्या सप्टेंबरात तो शिकायला इथे आला, आमच्याच घरी. बँकेचं खातं मी उघडून दिलं, डॉक्टरकडे नाव मी नोंदवलं, बसचा पास मी काढला. जानेवारीत त्याने जवळच भाड्याची खोली घेतली, तर घरमालकाशीही मीच बोलले. मग एक दिवस तो म्हणाला, "ताई, मला इथे कुणाला फोन लावायचीच भीती वाटते. तू असतेस ना नेहमी." तक्रार म्हणून नाही, सहज म्हणाला. मला मात्र ती दोऱ्यासारखी रोपं दिसली.

यावरून लगेच "मुलांना चटके बसलेच पाहिजेत" असं म्हणायचा मोह होतो. पण त्या वाक्याची मला भीती वाटते. छड्या मारणारे मास्तर तेच म्हणत होते. हॉस्टेलवर नव्या पोरांना छळणारे तेच म्हणतात: आम्ही सोसलं, तुम्हीही सोसा, घट्ट व्हाल. यात कोण घट्ट होतं आणि कोण मोडतं, याचा हिशोब कुणी ठेवत नाही. मोडलेले बोलायला येत नाहीत, आणि टिकलेले आपल्या टिकण्याचं श्रेय छडीला देऊन मोकळे होतात.

रोपं बाहेर काढायची रीत वेगळी आहे. मे महिन्याच्या शेवटी, कडाक्याची थंडी सरल्यावर, पहिल्या दिवशी तासभर सावलीत. दुसऱ्या दिवशी थोडं जास्त. रात्री परत आत. असं आठ-दहा दिवस. आणखी एक गोष्ट मला फार आवडते. टोमॅटोसारख्या रोपांच्या शेंड्यांवरून रोज हलका हात फिरवला, तर ती बुटकी आणि दणकट होतात. रोपाला तो वाऱ्यासारखाच लागतो. म्हणजे कुरवाळणं आणि कणखर करणं एकाच हाताने होऊ शकतं.

कटिंगचं गणित आणखी अवघड. छाटून लावलेल्या फांदीला मुळंच नसतात. पाणी वर ओढता येत नाही, पानांतून मात्र उडत राहतं. तिच्यासाठी झाकण म्हणजे लाड नव्हेत, तो तिचा जीव आहे. घरापासून तुटून परदेशी आलेला माणूस पहिले काही महिने असाच असतो. तेव्हा मी भावासाठी जे केलं ते चुकलं, असं मला वाटत नाही. चूक झाली ती मुळं फुटल्यावरही झाकण तसंच ठेवण्यात. पण फुटली हे कळायचं कसं? फांदी हलकेच ओढून बघतात. मातीने धरून ठेवलं, तर मुळं आहेत. मात्र रोज ओढून बघितलं, तर फुटलेली कोवळी मुळंही तुटतात. मी त्याला रोज विचारत होते, "जमतंय ना?"

आणि खरं सांगायचं, तर झाकण मला हवं होतं. या गावात कुणाचं तरी माझ्यावाचून अडतंय, याची ऊब मलाही लागत होती.

मार्चमध्ये त्याच्या खोलीचं विजेचं बिल चुकीचं आलं. मी म्हटलं, तूच फोन कर. तो आमच्याकडे येऊन बसला आणि चाळीस मिनिटं बोलला. मी शेजारच्या खोलीत होते, सगळं ऐकू येत होतं. तो अडखळला, दोनदा "सॉरी" म्हणाला, आणि शेवटी माझ्या मते द्यायला नको होते ते ६० पौंड द्यायला कबूल झाला. मी असते तर वाचवले असते. दारापर्यंत गेलेही होते.

बाहेर येऊन तो म्हणाला, "झालं." चेहरा उतरलेला, पण खांदे सैल.

ते ६० पौंड त्याचे गेले, शहाणपण मात्र मी ठरवलं. दुसऱ्याच्या नुकसानीवर त्याला वाढवायचा हक्क मला कुणी दिला? आणि आत जाऊन फोन हातात घेतला असता, तर तो हक्क तरी कुणी दिला होता? दोन्हींचं उत्तर माझ्याकडे नाही. इतकंच ठरवलंय की झाकण काढलं तरी खिडकीपासून लांब जायचं नाही.

या वर्षीची मिरची १७ रोपांवर आहे. झाकणाची दोन्ही भोकं उघडी आहेत.