बांधावरची घाणेरी

आमच्या मेंदीच्या कुंपणात घाणेरी कधी शिरली, कळलंच नाही. कोणी तिला टणटणी म्हणतं. चौकोनी काटेरी दांडी, खरबरीत पान, चुरगाळलं की उग्र वास. एकाच गुच्छात पिवळी न् गुलाबी फुलं. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून राहू दिली. फुकटचं कुंपण!

पाखरांनी काळी फळं खाऊन बी शेजारच्या आप्पांच्या बांधावर नेलं. आप्पा म्हणाले, "तुझी घाणेरी माझ्यात आली." मी म्हटलं, "पाखरांना विचारा." पुढं दुष्काळात चारा संपला. त्यांच्या कालवडीनं भुकेपोटी तीच खाल्ली. डोळे पिवळे पडले, उन्हानं कातडी सोलली, अन् गेली बिचारी.

दोनशे वर्षांमागं इंग्रज अमलात हे झुडूप अमेरिकेकडून शोभेसाठी आणलं. मग दोष आणणाऱ्याचा, पाखराचा, की माझा? पाखराला बांध कळत नाही. मला कळत होता.

नुसती छाटली तर दुप्पट फुटते. म्हणून पावसानं माती मऊ झाली की, फळं धरायच्या आत, कुदळीनं मुळासकट काढतो. आधी आप्पांच्या बांधावरची, मग माझी. आप्पा उभे राहून बघतात. बोलत काही नाहीत.