जिंकलेला जॉर्ज शिकागोत, मेलेला पॅरिसमध्ये

शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये एक स्पॅनिश चित्र आहे. पांढऱ्या घोड्यावर चिलखत घातलेला तरुण, हातात भाला, समोर ड्रॅगन. जमिनीवर हाडं पडलेली. जरा मागे मुकुट घातलेली राजकन्या उभी आहे आणि दूर किल्ल्यावरून तिचे आईवडील हा सामना बघतायत. चिलखत आणि ड्रॅगनचं अंग नुसतं रंगवलेलं नाही. गिलाव्यासारख्या लेपाने त्यांना उठाव दिलाय. बार्सिलोनाच्या बेर्नात मार्तोरेलने हे साधारण १४३४-३५च्या सुमारास लाकडी फळीवर काढलं. तरुणाचं नाव संत जॉर्ज.

पॅरिसच्या लुव्रमध्ये याच चित्रकाराची चार लहान चित्रं आहेत. त्यांतही संत जॉर्जच आहे, पण भाला नाही, घोडाही नाही. पहिल्यात त्याच्यावर खटला चालतो, दुसऱ्यात त्याला फटके मारतात, तिसऱ्यात रस्त्यावरून फरफटत नेतात आणि चौथ्यात त्याचं डोकं उडवतात. श्रद्धा सोडायला नकार दिला, हा त्याचा गुन्हा.

ही पाचही चित्रं मुळात एकाच वेदीमागे होती. मध्ये ड्रॅगनचा वध, दोन्ही बाजूंना दोन-दोन छळाचे प्रसंग. प्रार्थनेला आलेल्या माणसाला एका नजरेत कळायचं की ड्रॅगनला मारणारा हा शूर माणूस पुढे माणसांच्या हातून मेला. आज ती गोष्ट पुरी वाचायची तर मध्ये अटलांटिक महासागर ओलांडावा लागतो.

एखाद्या गोष्टीचं मूळ शोधायचं ते कशासाठी? ‘चित्र सुंदर आहे ना, मग ते कुठून आलं याने काय फरक पडतो?’ हा प्रश्न मी बरेचदा ऐकलाय आणि तो मूर्खपणाचा नाही. शिकागोचं चित्र एकटंही देखणं आहे. पण एकटं असताना ते वेगळंच काही सांगतं: शौर्य दाखवा, राजकन्या वाचेल, गाव टाळ्या वाजवेल. पाचही एकत्र असताना ते सांगत होतं की शौर्याची किंमत चुकवावी लागते आणि टाळ्या वाजवणारे तेव्हा सोबत नसतात. चित्र हललं तशी त्याची नीतीच बदलली.

मूळ शोधायचं काम चालतं तरी कसं? शंभरेक वर्षांपूर्वी या चित्रकाराचं नावही माहीत नव्हतं. याच चित्रांवरून त्याला ‘संत जॉर्जचा उस्ताद’ म्हणत. मग पुबोल नावाच्या गावासाठी केलेल्या एका वेदीचित्राचा १४३७चा करारनामा हाती लागला. त्यावर मार्तोरेलचं नाव होतं आणि ते वेदीचित्र आज खिरोना शहरातल्या संग्रहालयात आहे. हात तोच दिसला, तसं आपल्या उस्तादाला नाव मिळालं.

मोजमापंही बोलतात. लुव्रमधलं प्रत्येक चित्र साधारण एक मीटरहून थोडं उंच आहे. दोन एकावर एक ठेवली की उंची दोन मीटरच्या वर जाते. मधलं चित्र मात्र दीड मीटरच्या आसपास. म्हणजे त्याच्या वर जागा उरते आणि त्या काळच्या कातालान वेदीचित्रांत तिथे बहुधा क्रूसावरचा येशू असायचा. जे चित्र समोर नाही, त्याचा आकार उरलेल्या चित्रांनी जपून ठेवलाय.

आणि जागा? अनेक अभ्यासकांचं बोट बार्सिलोनातल्या खेनेरालितातच्या, म्हणजे कातालुन्याच्या सरकारच्या वाड्यातल्या संत जॉर्जच्या चॅपेलकडे जातं. त्या चॅपेलचं काम १४३४च्या सुमारास झालं, त्यामुळे काळ जुळतो. पण करारनामा नसल्याने तो अंदाजच आहे.

शिकागोचा प्रवास त्या मानाने स्पष्ट आहे. शेतीयंत्रांच्या धंद्यात श्रीमंत झालेल्या चार्ल्स डीअरिंगने स्पेनमध्ये सित्झेसला घर थाटून कलावस्तू जमवल्या. १९२१मध्ये तो संग्रह घेऊन अमेरिकेला परतला. १९३३ साली त्याच्या मुलींनी हे चित्र म्युझियमला दिलं. त्याच वर्षी स्पेनने आपला कलावारसा जपण्यासाठी कडक कायदा केला. तोवर चित्र केव्हाच समुद्रापार गेलेलं होतं.

‘पण ते गेलं म्हणून वाचलं,’ असं कुणी म्हणेल. या युक्तिवादात दम आहे. १९३६च्या जुलैमध्ये, यादवी युद्धाच्या सुरुवातीला, बार्सिलोनातली कित्येक चर्चेस जळाली. सांता मारिया देल मार तर आतून पार होरपळलं. तरी मला दोन गोष्टी खटकतात. १९२१ साली चित्र नेणाऱ्याला १९३६ची आग ठाऊक नव्हती. नंतर घडलेल्या संकटाचं श्रेय आधीच्या खरेदीला देता येत नाही. शिवाय ज्या चॅपेलकडे अभ्यासक बोट दाखवतात, ते आजही उभं आहे.

मग चित्र परत करावं का? इथे मी अडखळतो. परत कुणाला करायचं? विकलं त्या मालकाच्या वारसांना, चर्चला की सरकारला? शिवाय अखंड असणं आणि घरी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये वालेन्सियाचं संत जॉर्जचंच एक वेदीचित्र आहे, साडेसहा मीटर उंच. १८६४ साली पॅरिसमध्ये ते ८०० पौंडांना विकत घेतलं गेलं. ते बरंचसं अखंड आहे, पण परदेशात. त्यात एक मोठं दृश्य आहे: १२३७ची एल पुइगची लढाई. राजा पहिला जाउमे मुस्लिम सैन्याला कापतोय आणि संत जॉर्ज त्याच्या मदतीला आलाय. मूळ शोधत गेलं की नेहमी अभिमान वाटावा असंच हाती लागत नाही. कधी ज्यांना मारून तो अभिमान उभा राहिला, ती माणसंही सापडतात. आपल्याला हवं तेवढंच मूळ शोधायचं असेल, तर त्याला शोध म्हणू नये.

एका रात्री मी दोन्ही म्युझियमच्या वेबसाइटवरून पाचही चित्रं घेतली आणि फोनवर एकत्र लावली. दहा मिनिटांचं काम. क्षणभर वाटलं, जमलं! मग लक्षात आलं की स्क्रीनवर सगळं तळहाताएवढं झालंय. उठावाचं सोनं सपाट दिसतंय, डोकं उडवण्याचा प्रसंग बोटाने सरकवता येतोय. वेदीसमोरच्या माणसाला तो सरकवता येत नव्हता. गुडघे टेकले की तो समोर असायचाच.

म्हणून मूळ शोधणं मला मालकीच्या भांडणाहून मोठं वाटतं. ज्याने पैसे देऊन वेदीचित्र करून घेतलं, त्याने ते फक्त स्वतःसाठी केलं नव्हतं; पुढच्या पिढ्यांनी पूर्ण गोष्ट बघावी म्हणून केलं होतं. पुढे ज्यांनी ते तोडून विकलं, त्यांच्याकडे लाकडाची मालकी असेलही. ती गोष्ट मात्र त्यांच्या एकट्याची नव्हती. ती जोडून देणं हे आता ज्यांच्याकडे तुकडे आहेत त्यांच्यावरचं ऋण आहे. शिकागोचं म्युझियम पॅरिसच्या चार चित्रांबद्दल सांगतं, हा त्यातला पहिला हप्ता. पाचही चित्रं काही महिन्यांसाठी का होईना, एका भिंतीवर आणणं हा पुढचा.

दर वर्षी २३ एप्रिलला आपण पुस्तकांचे फोटो स्टेटसला टाकतो. युनेस्कोने १९९५मध्ये जागतिक पुस्तक दिनासाठी ही तारीख निवडली, ती कल्पना कातालुन्याची. तिथे संत जॉर्जच्या दिवशी गुलाब आणि पुस्तकं देतात. त्याच दिवशी बार्सिलोनात त्या जुन्या वाड्याची दारं लोकांसाठी उघडतात. रांगेतल्या बहुतेकांना ड्रॅगनची गोष्ट पाठ असते. उरलेली गोष्ट पॅरिसमध्ये आहे.