पूजावेतन ते मानधन

पैसे घेऊन शिकवणाऱ्याला संस्कृतात ‘भृतकाध्यापक’ म्हणतात, आणि हा शब्द कौतुकाचा नाही. श्राद्धाच्या पंक्तीला कोणाला बसवू नये याची मनुस्मृतीत लांबलचक यादी आहे. तीत हा पगारी गुरू तर आहेच, पण त्याला पैसे देऊन शिकलेला शिष्यही आहे. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त दोन नाट्याचार्यांचे भांडण जुंपते. त्यातला गणदास सांगतो की ज्याची विद्या नुसती पोटापुरती, तो ज्ञानाचा व्यापारी. गंमत अशी की हे बोलणारा गणदास स्वतः राजवाड्याच्या वेतनावर आहे, आणि यांना फुकट पगार कशाला द्यायचा, अशी कोपरखळी विदूषक मारतोच.

डी.एल.एड. किंवा बी.एड. केले तर घातलेला पैसा वसूल होईल का, हा हिशेब आज घरोघरी मांडला जातो. तो मांडताना जो संकोच वाटतो, त्याचे मूळ इतके जुने आहे. विद्या अमूल्य मानली, तर ती देण्याच्या अधिकारपत्राची किंमत तरी कशी काढायची?

उपनिषदांना या प्रश्नाचा फारसा संकोच नाही. बृहदारण्यकात जनक राजा याज्ञवल्क्यांच्या प्रत्येक उपदेशावर खूश होऊन हजार गाई देऊ करतो, आणि याज्ञवल्क्य दर वेळी सांगतात, शिष्याला पुरते शिकवल्याशिवाय काही घेऊ नये असे माझ्या वडिलांचे मत होते. म्हणजे आक्षेप घेण्याला नाही, आधी घेण्याला आहे. छांदोग्यातला रैक्व तर गाडीखाली अंग खाजवत बसलेला फाटका माणूस. पण जानश्रुती राजाने आणलेल्या सहाशे गाई, हार आणि रथ तो धुडकावून लावतो. हजार गाई, गाव आणि मुलगी देऊ केल्यावर मग बोलू लागतो. टीकाकारांनी या घासाघिशीचे परोपरीने समर्थन केले आहे, तरी ती घासाघीस वाटायची राहत नाही.

महाराष्ट्राला जवळची कथा कौत्साची. ‘रघुवंशा’च्या पाचव्या सर्गात वरतंतूंचा हा शिष्य रघुराजाकडे येतो. विश्वजित यज्ञात रघूने सर्वस्व दान केलेले असते, त्यामुळे पाहुण्याला अर्घ्य द्यायलाही मातीचेच भांडे उरलेले. कौत्साला हवे आहेत चौदा विद्यांचे चौदा कोटी. पण हा आकडा आला कुठून, ते पाहण्यासारखे आहे. तू मनोभावे सेवा केलीस हीच दक्षिणा, असे गुरूंनी आधी सांगितले होते. शिष्याने हट्ट धरला, गुरू रागावले, आणि रागाच्या भरात विद्येमागे एक कोटी असा दर निघाला. पुढे कुबेराने सोने पाडले, रघू सगळे देऊ लागला आणि कौत्साने गुरूच्या देण्यापलीकडे गुंजभरही घेतले नाही. आपट्याची पाने दसऱ्याला सोने म्हणून का वाटतात, हे सांगताना आपल्याकडे हीच कथा येते.

ग्रीसमध्ये फी घेऊन शिकवणाऱ्या प्रोटागोरसने दुसरी तोड काढली होती. प्लेटोच्या संवादात तो सांगतो की शिकून झाल्यावर शिष्याला आपली फी जास्त वाटली, तर त्याने देवळात जावे, शिक्षणाची किंमत काय वाटते ते शपथेवर सांगावे आणि तेवढीच रक्कम ठेवावी. इतका सरळ व्यवहार नंतर कुठल्या विद्यापीठाला परवडला नाही. प्रवेशाआधी फी भरल्याशिवाय आज यादीत नाव लागत नाही.

मध्ययुगीन युरोपात ज्ञान ही देवाची देणगी, म्हणून ते विकणे पाप, असे मत होते. पदवी हा प्रकार मुळात शिकवण्याच्या परवान्यातून आला, आणि ११७९च्या तिसऱ्या लॅटरन धर्मपरिषदेने या परवान्यासाठी पैसे घ्यायला बंदी घातली. गरीब विद्यार्थ्यांना फुकट शिकवणाऱ्या शिक्षकाच्या चरितार्थाची सोय चर्चने करावी, असेही तिथेच ठरले. पुढे धर्मपंडितांनी युक्तिवाद केला की शिक्षक ज्ञान विकत नाही, श्रम विकतो. या सगळ्या चर्चेतले सर्वांत टिकाऊ उत्तर हेच. ज्ञानाला मोल नसेल, पण वह्या तपासायला लागणाऱ्या रात्रीला आहे.

त्यागाचा मुद्दा वेगळा ठेवावा लागतो. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य तुटपुंज्या वेतनावर वीस वर्षे शिकवण्याची प्रतिज्ञा करत. गोखल्यांचे वेतन महिना ७५ रुपये होते. सदस्यांनी बाहेरून केलेली कमाई कोणाची, यावरून वाद पेटले, आणि १८९०मध्ये टिळक संस्थेतून बाहेर पडले, त्यामागच्या कारणांत हेही एक होते. तरीही तो त्याग त्यांनी आपणहून पत्करला होता.

कौटिल्याने शिक्षकांच्या पैशाला ‘पूजावेतन’ असे नाव दिले आणि ५०० ते १००० पण (त्या काळचे नाणे) अशी मर्यादा घातली. सेनापतीचे वेतन ४८,००० पण. मान एका हाताने द्यायचा आणि रक्कम दुसऱ्या हाताने आखडायची, ही रीत तेव्हापासूनची. तिचा आजचा मराठी अवतार म्हणजे ‘मानधन’. महाराष्ट्रात २०००पासून नवा शिक्षक आधी तीन वर्षे शिक्षणसेवक असतो. प्राथमिक शिक्षणसेवकाला महिना ६,००० रुपये मिळत, ते २०२३मध्ये १६,००० झाले. कायम झाल्यावर त्याच माणसाचे मूळ वेतन २९,२०० रुपयांपासून सुरू होते. वर्ग तोच, फळा तोच, पोषण आहाराची नोंदवही तीच. दरमहा १३,२०० रुपयांचा फरक, ३६ महिन्यांचे ४,७५,२०० रुपये. महागाई भत्ता यात धरलेलाच नाही. ‘सेवक’ आणि ‘मानधन’ हे दोन शब्द नसते, तर ही कपात सरळ कपात म्हणूनच ओळखली गेली असती.

त्यामुळे पदवीचा पैशातला हिशेब करताना दोन गोष्टी एकत्र करून चालत नाही. अध्यापनाच्या सरावातून हाताला येते ते कसब ही एक, आणि भरतीच्या रांगेत उभे राहण्याचा हक्क ही दुसरी. फी मुख्यतः दुसरीची असते, आणि तिचा भाव शिकवण्यावर ठरत नाही. बी.एड.धारकांना पहिली ते पाचवीसाठी पात्र धरणारी अधिसूचना २०१८मध्ये निघाली. नेमणुकीनंतर सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम पुरा करायचा, एवढीच अट होती. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक वर्गांसाठी ही पात्रता अमान्य केली. तीच पदवी भिंतीवर होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बी.एड.धारकाला हातच्याची वजाबाकी आदल्या दिवशीइतकीच नीट शिकवता येत होती.