दुधाचे वाटेकरी

श्रीगीतेच्या पाठापूर्वी जे ध्यान म्हटले जाते, त्यात एक मनोहर रूपक आहे. सर्व उपनिषदे या गाई, त्यांचे दोहन करणारा गोपालनंदन श्रीकृष्ण, पार्थ हे वासरू, आणि गीता हे त्या गाईंचे अमृतमय दूध, अशी ती कल्पना होय. नित्यपाठ करणाऱ्यांच्या मुखी हे ध्यान इतके रुळलेले असते की त्यातील क्रमाकडे सहसा लक्ष जात नाही. दुधाचा आस्वाद घेणारे सुज्ञजन त्या रूपकात वासराच्या मागून येतात. गोठ्यातील व्यवहारही असाच आहे. वासराने आचळाला तोंड लावावे, दोन ढुशा द्याव्यात, तेव्हा गाईला पान्हा फुटतो. आणि मग चरवीत धार पडते. अर्जुनाच्या व्याकुळतेने पान्हावलेले ज्ञान पुढे सर्व जगाला लाभले. तात्पर्य, दूध उपनिषदांचे असो की गाईचे, ते पिणारा गृहस्थ हा दुसऱ्या पंक्तीचा मानकरी आहे. पहिली पंक्ती वासराची.

सतराव्या अध्यायात भगवंतांनी आहाराचे तीन प्रकार सांगितले आहेत. आयुष्य, बल, आरोग्य व प्रसन्नता वाढविणारे, रसयुक्त, स्निग्ध, शरीरात दीर्घकाळ गुण देणारे आणि मनाला संतोष देणारे अन्न सात्त्विक पुरुषांना प्रिय असते. दूध, लोणी व तूप यांना हे वर्णन तंतोतंत लागू पडते. म्हणून पुष्कळांची अशी समजूत होते की पेलाभर दूध घेतले आणि पोळीवर तूप वाढले म्हणजे आहार सात्त्विक झाला. परंतु गीतेचा तिसरा अध्याय याहून पुढची गोष्ट सांगतो. देवांनी दिलेले त्यांना न देता जो एकटाच भोगतो, त्याला तेथे चोर म्हटले आहे; आणि जे केवळ स्वतःपुरते शिजवितात ते पापच खातात, असा कठोर निर्णय दिला आहे. पदार्थ शुद्ध असला तरी त्यातील दुसऱ्याचा वाटा मारून तो खाल्ला गेला, तर भोजन शुद्ध राहत नाही. सर्व अन्नांत दुधालाच हा नियम अधिक कसोशीने लावावा लागतो; कारण धान्य मनुष्य पेरतो, पण दूध एका मातेने आपल्या अपत्यासाठी निर्माण केलेले असते.

पहिला वाटेकरी : वासरू

महाभारताच्या आदिपर्वात उपमन्यूची कथा आहे. आयोद धौम्य ऋषींनी आपल्या या शिष्याला गाई राखण्याचे काम दिले. तो भिक्षेवर राहू लागला, तेव्हा गुरूंनी सर्व भिक्षा मागून घेतली. त्याने दुसऱ्यांदा भिक्षा मागितली, तेव्हा इतर भिक्षेकऱ्यांच्या वाट्याला धक्का लागतो म्हणून तीही बंद केली. मग तो गाईंचे दूध पिऊ लागला; गुरूंनी त्यालाही मनाई केली. शेवटी वासरे पिताना त्यांच्या तोंडाशी जो फेस येतो, तेवढा चाटून तो राहू लागला. हे कळताच गुरूंनी सांगितले की ही गुणी वासरे दयेपोटी तुझ्यासाठी अधिक फेस टाकीत असतील, म्हणजे तू त्यांच्याच पोटाआड येतोस. फेसासारख्या क्षुल्लक वस्तूतही वासराचा हक्क पाहणारी ही दृष्टी आहे. उपमन्यूने ती मानली, अनेक क्लेश सोसले, आणि अखेर अश्विनीकुमारांच्या व गुरूंच्या कृपेस तो पात्र झाला.

हीच दृष्टी धर्मशास्त्रात नियमरूपाने आली आहे. व्यायल्यापासून दहा दिवस पुरे न झालेल्या गाईचे, तसेच जिचे वासरू तिच्यापाशी नाही अशा गाईचे दूध मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात वर्ज्य म्हटले आहे. कोणी याला केवळ सोवळ्याओवळ्याचा नियम समजेल. परंतु आजचे पशुवैद्यकही पहिल्या चिकाबद्दल हाच आग्रह धरते. वासरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात रोगांशी झुंजणारी संरक्षक द्रव्ये जवळजवळ नसतात. ती त्याला चिकातून मिळतात. आणि ती शोषून घेण्याची त्याच्या आतड्यांची शक्ती जन्मानंतर तासागणिक घटत जाऊन एका दिवसात बहुतेक संपते. म्हणून वासराच्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतका चीक त्याला पहिल्या काही तासांतच पाजावा, असे तज्ज्ञ सांगतात. त्या वेळी चुकलेला घोट पुढे कितीही दूध पाजले तरी भरून निघत नाही.

चिकाचा पदार्थ देशात सर्वत्र आवडीने खाल्ला जातो. महाराष्ट्रात व गोव्यात गूळ व वेलदोडा घालून वाफवलेला खरवस होतो. कर्नाटकात त्याला गिण्णु, आंध्रात जुन्नू, गुजरातेत बळी म्हणतात. शास्त्रवचन पाळणारा दहा दिवस थांबेल. ज्याच्या घरी खरवसाची रीत आहे, त्यानेही निदान इतके पाहावे की वासराचे पोट भरून उरलेल्या चिकाचाच तो झाला आहे. शेजाऱ्याकडून आलेली खरवसाची वाटी हाती घेताना ‘वासराला पुरेसा पाजला ना?’ असा प्रश्न विचारणे यात संकोच वाटण्याचे कारण नाही. तो प्रश्न हाच त्या दिवसाचा गोग्रास होय.

कोणी म्हणेल, शहरातील गृहस्थाच्या दारी गाय नाही, गोठा नाही. पहाटे पिशवीतून दूध येते. त्याने वासराची चिंता कशी वहावी? याचे उत्तर असे की दूर गेल्याने ऋण फिटत नाही, फक्त दिसेनासे होते. पिशवीतल्या दुधामागेही गाय किंवा म्हैस आहे, तिचे पिल्लू आहे, आणि चारा-पाण्याचा खर्च सोसणारा पशुपालक आहे. गाय वर्षाचे बाराही महिने दूध देत नाही. भाकड काळातही तिला खावे लागते. जो ग्राहक दुधाच्या रास्त किमतीतही घासाघीस करतो, तो त्या भाकड काळातील चारा कमी करतो हे त्याने जाणावे. पशुपालकाच्या पदरात न्याय्य मोल पडावे या हेतूनेच १९४६ साली गुजरातेतील आणंद येथे खेडा जिल्ह्याच्या दूध उत्पादकांचा सहकारी संघ उभा राहिला, आणि पुढे देशभर त्याचे अनुकरण झाले. अशा रीतीने योग्य मोल देणे हाही वासराला वाटा देण्याचा आजच्या काळातील एक मार्ग आहे.

दुसरा वाटेकरी : बालक

त्याच आदिपर्वात दुसरी एक कथा आहे, आणि ती वाचताना कोणाही गृहस्थाचे अंतःकरण द्रवल्यावाचून राहणार नाही. द्रोणाचार्य विद्वान होते, पण दरिद्री होते. धनिकांची मुले दूध पिताना पाहून लहानगा अश्वत्थामा दुधासाठी रडू लागला. धर्माला बाध न येता एक गाय मिळावी म्हणून द्रोण गावोगाव हिंडले. गाय मिळाली नाही. इकडे सवंगड्यांनी पाण्यात पीठ कालवून ते दूध म्हणून अश्वत्थाम्याला पाजले. आपण दूध प्यालो या आनंदाने ते बालक नाचू लागले, आणि भोवतीचे लोक बापाच्या दारिद्र्याला हसले.

त्या हसण्याचे शल्य घेऊन द्रोण बालमित्र द्रुपदाकडे गेले. द्रुपदाने मैत्री नाकारून त्यांचा अपमान केला. द्रोणांनी शिष्यांकरवी त्याला जिंकून बांधून आणविले व त्याचे अर्धे राज्य घेतले. द्रुपदाने सूडासाठी यज्ञ केला आणि त्यातून धृष्टद्युम्न प्रकटला. गीतेच्या पहिल्याच अध्यायात दुर्योधन द्रोणांना पांडवांची सेना दाखवितो, तेव्हा ती द्रुपदपुत्राने, द्रोणांच्याच शिष्याने, रचली आहे हे तो मुद्दाम बोलून दाखवितो. कुरुक्षेत्राच्या युद्धाची कारणे अनेक आहेत. तथापि त्यांतील एक धागा मागे मागे नेला, तर तो एका मुलाच्या रिकाम्या पेल्यापाशी जाऊन पोहोचतो. मुलाच्या तोंडचे दूध ही लहान गोष्ट नव्हे.

पिठाच्या पाण्याला दूध म्हणून विकणे आजही थांबलेले नाही. भारतात १९५४ साली अन्नातील भेसळ रोखणारा कायदा झाला, आणि २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके अधिनियमाने पुढे त्याची जागा घेतली. दुधात पिष्ट मिसळले असल्यास ते घरीही ओळखता येते: थोडे दूध उकळून थंड करावे व त्यात टिंक्चर आयोडिनचे दोन-तीन थेंब टाकावेत, निळा रंग आला तर पीठ आहे असे समजावे, आणि ते दूध फेकून द्यावे. परंतु राजदंडाच्या भयाने जे साधत नाही ते धर्मबुद्धीने साधले पाहिजे. अश्वत्थाम्याला फसविणारी ती तरी अजाण मुले होती. पैशासाठी परक्याच्या मुलाला फसविणाऱ्या जाणत्या मनुष्याला काय म्हणावे? जो व्यापारी सकाळी गीतापाठ करतो आणि दुकानात तुपात वनस्पती मिसळतो, त्याचा पाठ त्याच्याविरुद्ध साक्ष देतो.

आणि भेसळ न करणाऱ्यानेही निश्चिंत होऊ नये. भारत आज जगात सर्वाधिक दूध उत्पादन करणारा देश आहे. तरीही ज्या घरात साय काढून बासुंदी आटते, त्याच घरी भांडी घासणाऱ्या बाईचे मूल बिनदुधाच्या चहावर शाळेत जात असेल. असे असता त्या बासुंदीला सात्त्विक अन्न म्हणता येईल काय, हा विचार ज्याचा त्याने करावा. भागवताच्या दशम स्कंधात यशोदामाता श्रीकृष्णाला अतृप्त ठेवून उतू जाणारे दूध सावरण्यास धावली, तोच बालकृष्णाने दह्याचा डेरा फोडला आणि लोणी वानराला खाऊ घातले. भक्तजन या लीलेचे अनेक अर्थ करतात. गृहस्थाला त्यातून इतके तरी घेता येईल की दूध बालकासाठी आहे, बालक दुधासाठी नव्हे.

तिसरा वाटेकरी : शेजारी व अतिथी

दुधापासून तुपापर्यंतचा प्रवास ज्या घरात होतो, तेथील गृहिणीला अपरिग्रहाचा पाठ निराळा द्यावा लागत नाही. दूध तापते, सायीचे विरजण लागते, सकाळी घुसळून लोणी निघते, लोणी कढवून तूप होते. राहिलेले ताक कढीत वा भाकरीबरोबर जाते, आणि तुपाच्या तळाशी उरलेली बेरीसुद्धा मुले साखर घालून संपवितात. काहीच वाया जात नाही. शिवाय आजच्या दह्यातील चमचाभर उद्यासाठी राखावे लागते. ते संपले तर शेजारणीकडे वाटी घेऊन जावे लागते, आणि विरजणाला कोणी नाही म्हणत नाही. कित्येक खेड्यांत तर ताक विकणे कमीपणाचे मानीत. दारी आलेल्याला ते तसेच मिळे.

येथे एक शंका संभवते. गीतेने आंबट पदार्थ राजस म्हटले आहेत. मग दही-ताक सात्त्विक कसे? याचे समाधान शंकराचार्यांच्या भाष्यात मिळते. त्या ठिकाणी ‘अति’ हा शब्द कडू, आंबट, खारट या सर्वांना लावावा, असे ते सांगतात. म्हणजे दोष आंबटपणाचा नसून अतिरेकाचा आहे. मनूनेही आंबवलेले पदार्थ वर्ज्य सांगताना दही व दह्यापासून झालेले पदार्थ वगळले आहेत. चरकाचार्यांनी दही रात्री खाऊ नये, तापवून खाऊ नये अशी मर्यादा घातली, आणि ताकाचा उपयोग औषधासारखा सांगितला. पुष्कळ प्रौढांना दुधातील शर्करा पचत नाही. विरजणाने त्या शर्करेचा काही अंश आम्लात पालटतो, म्हणून त्यांना दही-ताक सोसते. ज्याच्या प्रकृतीला दूध मानवत नाही, त्याने श्रद्धेच्या नावाखाली ते बळेच पिऊ नये. युक्त आहार हेच गीतेचे सूत्र आहे.

वाटून खाण्याचे सर्वांत सुंदर रूप महाराष्ट्रात काल्यामध्ये दिसते. दही, पोहे, लाह्या, लोणचे, जे ज्याच्या घरून आले ते एकत्र कालवले जाते. कोणते कोणाचे हे मग निवडता येत नाही. हंडीच्या उंचीपेक्षा हा कालवण्याचा अर्थ अधिक उंच आहे.

देवाचा वाटा

देवाचा वाटा कोणता, असा प्रश्न राहतो. नवव्या अध्यायात भगवंतांनी भक्ताकडून ज्या चार वस्तू मागितल्या, त्या पान, फूल, फळ आणि पाणी या होत. त्यांत दूध नाही. त्यांना ठाऊक होते की दूध प्रत्येकाच्या घरी असणार नाही. म्हणून ज्याला शक्य नाही त्याने दुधावाचून पूजा उणी राहिली असे मानू नये; आणि ज्याला शक्य आहे त्याने अभिषेकासाठी घागरी न ओतता पळीभर पंचामृताने स्नान घालावे, ते तीर्थ म्हणून सर्वांना द्यावे, आणि घागरीतले दूध एखाद्या रुग्णाच्या वा बालकाच्या मुखी घालावे. पंधराव्या अध्यायाप्रमाणे प्राण्यांच्या देहात वैश्वानररूपाने अन्न पचविणारा तोच आहे. भुकेल्या मुलाच्या पोटी गेलेले दूध त्यालाच पोहोचते. नालीत वाहून गेलेले कोणाच्या मुखी लागते?

सद्गृहस्थाने रोज दूध तापवताना क्षणभर थांबून इतकेच स्मरावे: यातील पहिला घोट वासराचा होता, दुसरा बालकाचा आहे, तिसरा दारी येणाऱ्याचा, त्यानंतर जे उरेल ते आपले. असे उरलेले दूध ताकापुरतेच असले तरी ते यज्ञशेष होय, आणि यज्ञशेषालाच भगवंतांनी अमृत म्हटले आहे.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥