हाताची साक्ष आणि डोळ्यांचा निकाल

२००० साली प्लेस्टेशनवर ‘एलियन रिझरेक्शन’ हा खेळ आला. एका नावाजलेल्या गेमिंग संकेतस्थळाच्या समीक्षकाने त्यावर ताशेरे ओढले आणि त्याचा मुख्य रोख होता कंट्रोलच्या मांडणीवर. डाव्या स्टिकने चालायचे आणि उजव्या स्टिकने मान वळवायची, ही या भयपटी खेळातली सगळ्यात भयंकर गोष्ट आहे, असा त्याचा सूर होता. पुढच्याच वर्षी एक्सबॉक्सवर ‘हेलो’ आला आणि त्याने हीच मांडणी रुळवली. आज कन्सोलवरचा गोळीबाराचा कुठलाही खेळ उघडा, दोन स्टिक हेच काम करतात. त्या समीक्षेची आता हौसेने टिंगल होते.

पुढे काय झाले हे ठाऊक असले की टिंगल सोपी असते. पण तो समीक्षक खेळ खेळून लिहीत होता आणि त्याचा अंगठा खरोखरच अडखळला होता. नवा, विचित्र दिसणारा कंट्रोलर आला की गेमर बोंब मारतात आणि बोंब मारणारे शेवटी तोंडघशी पडतात, ही कथा तंत्रज्ञानाच्या जगात फार आवडीने सांगितली जाते. ती अर्धीच खरी आहे. या बोंबेत निदान तीन आवाज मिसळलेले असतात: सवयीचा, दुखणाऱ्या हाताचा आणि प्रतिष्ठेचा. तिघांची किंमत सारखी नाही. ते वेगळे काढता आले नाहीत, की बनवणारे भलतेच ऐकतात आणि खेळणारे भलत्याच गोष्टीसाठी भांडतात.

आधी सवयीचे पाहू. गुन्पेई योकोई यांनी १९८२ साली निन्टेन्डोच्या ‘गेम अँड वॉच’ मालिकेतल्या ‘डाँकी काँग’साठी अधिकचिन्हासारखे चार दिशांचे बटण बसवले. आपण त्याला डी-पॅड म्हणतो. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी टीव्हीला जोडले जाणारे स्वस्त नकली ‘व्हिडिओ गेम’ आले, त्यांच्या कंट्रोलरवरही हेच बटण होते. ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’ खेळणाऱ्या पोरांचे अंगठे त्यावरच तयार झाले. असे कौशल्य डोक्यात राहत नाही, बोटांत उतरते. वर्षानुवर्षे चेतक चालवलेल्या माणसाचे डावे मनगट बिनगिअरच्या स्कूटरवरही सिग्नलला आपोआप फिरते. तसेच गेमरचे असते. उडी कुठल्या बटणावर, हे विचारल्यावर त्याला आठवावे लागते; खेळताना मात्र आठवावे लागत नाही. ही तासन्‌तास घालवून जमवलेली पुंजी असते. नवा कंट्रोलर ती एका फटक्यात बाद ठरवतो, म्हणून सगळ्यात मोठा आवाज सगळ्यात तरबेज लोकांचा असतो. त्यांचेच जास्त बुडणार असते.

हा राग खरा असतो, पण बहुधा टिकत नाही. १९९६ साली निन्टेन्डो ६४चा तीन मुठींचा कंट्रोलर आला, तेव्हा दोन हातांच्या माणसाने तिसरी मूठ कशाने धरायची, हा प्रश्न अनेकांना पडला. उत्तर ‘सुपर मारिओ ६४’ने दिले. मधल्या मुठीवरची स्टिक जराशी ढकलली की मारिओ चवड्यांवर चोरपावलांनी चालतो, अजून ढकलली की चालतो, पूर्ण ढकलली की धावत सुटतो. डी-पॅडला फक्त ‘हो’ आणि ‘नाही’ कळत होते. या स्टिकला ‘थोडेसे’ही कळू लागले. हे अंगठ्याला पटायला वादविवाद लागला नाही. वर्षभरात सोनीनेही स्टिक आणल्या. तीन मुठी मात्र पुढच्याच कन्सोलबरोबर निन्टेन्डोनेही सोडून दिल्या. म्हणजे गेमरांचा प्रश्न बरोबर होता आणि निन्टेन्डोचा शोधही बरोबर होता.

दुसरा आवाज शरीराचा. याच निन्टेन्डो ६४वरच्या ‘मारिओ पार्टी’त काही खेळ असे होते, की स्टिक शक्य तितक्या वेगाने गरागरा फिरवायची. मुले अंगठा सोडून तळहाताने ती फिरवू लागली आणि तळहात सोलवटले. प्रकरण न्यूयॉर्कच्या अ‍ॅटर्नी जनरलपर्यंत गेले आणि २०००मध्ये निन्टेन्डोने खेळाडूंना हातमोजे देऊ केले. २००१चा पहिला एक्सबॉक्स कंट्रोलर, टोपणनाव ‘ड्यूक’, फारच अवजड होता. जपानसाठी लहान कंट्रोलर बनवावा लागला आणि वर्षभरात तोच सगळीकडे चालू झाला. यात कोणी जुनाट वृत्तीचे नव्हते. हात लहान, वस्तू मोठी, एवढाच मामला होता. गंमत म्हणजे २०१८ साली दुसऱ्या एका कंपनीने तोच ड्यूक आठवणींचा माल म्हणून पुन्हा बाजारात आणला. आठवणींना तळहात नसतो.

तिसरा आवाज सगळ्यात गुंतागुंतीचा. तो नीट ऐकायचा तर २००५चे टोकियो पाहावे लागते. त्या सप्टेंबरात टोकियो गेम शोमध्ये निन्टेन्डोचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी नव्या कन्सोलचा कंट्रोलर दाखवला. टीव्हीच्या रिमोटसारखी लांबट पांढरी कांडी, एका हातात धरायची. सोबतच्या चित्रफितीत खेळ असा दिसतच नव्हता. दिसत होती ती हवेत हात फिरवणारी, भाजी चिरल्यासारखे करणारी, माशी मारल्यासारखे करणारी माणसे, आणि त्यांत म्हातारी मंडळीही. काही गेमर थक्क झाले. बऱ्याच जणांनी हा चमत्कृतीचा धंदा आहे म्हणून नाक मुरडले. पुढच्या वर्षी कन्सोलचे नाव ‘वी’ ठेवल्यावर तर विनोदांना ऊत आला.

इवातांचे म्हणणे साधे होते. कंट्रोलरवर बटणे इतकी वाढली आहेत, की कधीच न खेळलेला माणूस तो हातात घ्यायलाच घाबरतो. त्यांना उंबरठा खाली आणायचा होता. कांडीच्या टोकाला इन्फ्रारेड कॅमेरा होता आणि आत हालचाल मोजणारी चिप. टीव्हीवर ठेवायच्या पट्टीला ‘सेन्सर बार’ म्हणत, पण ती काहीच टिपत नसे. तिच्यात फक्त दोन टोकांना इन्फ्रारेड दिवे होते आणि पाहण्याचे काम हातातली कांडी करत होती. पट्टी काढून तिच्या जागी दोन मेणबत्त्या लावल्या तरी काम भागत असे. एवढ्या साध्या युक्तीवर दहा कोटींहून अधिक वी विकले गेले. वृद्धाश्रमांत बोलिंगच्या स्पर्धा भरल्या. घामट हातांतून कांड्या निसटू लागल्या, मनगटाच्या दोऱ्या तुटू लागल्या आणि निन्टेन्डोने सुमारे ३२ लाख दोऱ्या बदलून देण्याची तयारी दाखवली. हाताने आपली साक्ष इथेही नोंदवलीच.

मग नाक मुरडणारे चुकले का? पूर्णपणे नाही. ‘वी स्पोर्ट्‌स’च्या टेनिसमध्ये रॅकेट फिरवल्याचा आविर्भाव करायची गरज नाही, सोफ्यावर बसून मनगट झटकले तरी चेंडू परततो, हे पोरांनी लवकरच ओळखले. कांडीला झटका कळत होता, हाताचा नेमका कोन कळत नव्हता. त्यासाठी २००९मध्ये वेगळा जोड घ्यावा लागला. जिथे एक बटण पुरले असते तिथे उगाच हात हलवायला लावणाऱ्या खेळांचा पूर आला. जाणत्या गेमरांची शंका या बाबतीत खरी ठरली.

पण त्यांच्या बोलण्यात आणखी एक गोष्ट होती: हे ‘खऱ्या’ गेमरांसाठी नाही. इथे तक्रार हातावरून मानापानावर येते. अवघड कंट्रोलर हे एक प्रवेशद्वारही असते. ते ओलांडायला कष्ट पडले म्हणून आत असणे मोलाचे वाटते. उद्या आजीही आत येणार असेल, तर आपल्या कष्टांचे काय, ही ती खंत. याच मंडळींचा आजचा अवतार मोबाइलवर खेळणाऱ्यांना गेमर मानायला तयार नसतो. महाराष्ट्रातल्या आणि एकूण भारतातल्या लाखो मुलांनी पबजी आणि नंतर बीजीएमआय खेळताना गुळगुळीत काचेवर, न दिसणाऱ्या कडांच्या बटणांवर चार-चार बोटे पंजासारखी वाकवून चालवण्याची जी पद्धत अंगी बाणवली, ती कोणत्याही कन्सोलवाल्याला जमण्यासारखी नाही. त्यांच्या हातात गेमपॅड दिला तर विचित्र गेमपॅडच ठरेल.

विचित्र आकार हेच टिंगलीचे खरे कारण असते, तर २०१८ साली मायक्रोसॉफ्टने आणलेल्या ‘एक्सबॉक्स अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोलर’ची सगळ्यात जास्त व्हायला हवी होती. एक सपाट पांढरी फळी, वर बशीएवढी दोन काळी बटणे, मागे एकोणीस खोबणी. प्रत्येक खोबणीत वेगळा स्विच जोडायचा आणि तो पायाने, कोपराने, हनुवटीने, जे अवयव साथ देतील त्यांनी दाबायचा. खोकेही असे, की उघडायला दात लावावे लागू नयेत. इतका वेगळा कंट्रोलर आला आणि गेमरांनी त्याचे मनापासून स्वागत केले. त्यात त्यांचा चांगुलपणा होताच. पण आणखी एक कारण होते: त्या फळीने कोणाच्या हातातून काही काढून घेतले नाही. ज्याला हवी त्याने घ्यावी.

मला यात सगळ्या भांडणाची मेख दिसते. नवेपणा फारसा बोचत नाही, सक्ती बोचते. ‘झेल्डा’ मालिकेतला ‘स्कायवर्ड स्वोर्ड’ २०११मध्ये वीवर आला तेव्हा तलवार हात फिरवूनच चालवावी लागे, दुसरी सोयच नव्हती. दहा वर्षांनी तोच खेळ निन्टेन्डोच्या ‘स्विच’ कन्सोलवर आला, तेव्हा बटणे आणि स्टिक वापरून खेळण्याचा पर्यायही होता. टिकलेले बदल पाहिले तरी हेच दिसते. सोनीने १९९७मध्ये दोन स्टिक आणल्या, पण जुना डी-पॅड आणि चार बटणे होती तिथेच ठेवली. स्टिक त्यांच्या खाली बसवल्या. उलट वाल्व कंपनीने २०१५च्या ‘स्टीम कंट्रोलर’मध्ये उजव्या स्टिकची जागाच काढून तिथे गोल ट्रॅकपॅड दिला. सोफ्यावर बसून माऊसचे खेळ खेळता यावेत, हा हेतू उत्तम होता. ज्यांनी चिकाटीने मांडणी जुळवली ते त्यावर फिदा झाले, इतरांनी तो खणात टाकला. २०१९मध्ये उरलेला साठा पाच डॉलरला एक या भावाने संपवण्यात आला. पण ट्रॅकपॅड मेला नाही. २०२२च्या ‘स्टीम डेक’वर तो परतला तो दोन्ही स्टिकच्या शेजारी, आणि या वेळी कोणाची हरकत दिसली नाही.

तेव्हा नव्या कंट्रोलरचे छायाचित्र पाहून निकाल देणाऱ्यांनी जरा दम धरावा. सोनीचा बूमरँगसारखा वाकडा कंट्रोलर २००५मध्ये काचेआड दिसला, त्याची केळे म्हणून टर उडाली आणि वर्षभरात तो गायब झाला. तो हातात कसा बसला असता हे सर्वसामान्य गेमरला कधी कळलेच नाही. डोळ्यांनी हाताच्या वतीने निकाल देऊन टाकला. बनवणाऱ्यांनीही ‘आमचे आज कळणार नाही, उद्या कळेल’ ही मिजास सोडावी. उद्याचा हवाला देऊन आजची प्रत्येक तक्रार टाळता येते, म्हणूनच तो युक्तिवाद धोक्याचा आहे.

स्विचचे ‘जॉय-कॉन’ याचा ताजा दाखला आहेत. २०१७मध्ये सुट्या होणाऱ्या त्या दोन इवल्याशा तुकड्यांच्या आकारावर पुष्कळ चर्चा झाली आणि लोक त्यांना सरावलेही. पण स्टिकला हात न लावताही खेळातले पात्र आपसूक सरकत राहते, ही तक्रार वर्षानुवर्षे वाढत गेली. अमेरिकेत दावे दाखल झाले, आणि निन्टेन्डोचे अध्यक्ष शुनतारो फुरुकावा यांनी दिलगिरी व्यक्त केली ती २०२०च्या जूनमध्ये. ‘हे खऱ्या गेमरांसाठी नाही’ म्हणणाऱ्याकडे खुशाल दुर्लक्ष करावे, ‘सवय नाही’ म्हणणाऱ्याला वेळ आणि जुना पर्याय द्यावा. ‘हात दुखतो’ किंवा ‘स्टिक ऐकत नाही’ म्हणणाऱ्याचे मात्र पहिल्याच दिवशी ऐकावे; त्याच्या तक्रारीवर काळ हे औषध नाही.