अक्षरामागून अक्षर

आमच्या भुसावळजवळच्या दीपनगर वीज प्रकल्पाच्या वसाहतीतल्या कॉलेजात जाणाऱ्या मुली सध्या इंग्रजी प्रेमकथा वाचताहेत. त्या कथा दोनशे वर्षांपूर्वीच्या विलायतेतल्या आहेत. तिसरा जॉर्ज राजा आजारी पडला आणि त्याच्या जागी युवराज कारभार पाहू लागला, १८११ ते १८२० ही ती वर्षं. कथेतल्या दोघांचं पहिल्या भेटीत पटत नाही. मग एखादा नाच, एखादं पत्र, पावसामुळे लांबलेला मुक्काम, आणि दोनतीनशे पानांनंतर कुठे मनातलं ओठांवर येतं. जेन ऑस्टिनने त्या काळात लिहिलेल्या कादंबऱ्यांवरून हा घाट पुढे रुळला. तिची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ १८१३ सालची. ‘पर्स्युएशन’मधल्या ॲन आणि कॅप्टन वेंटवर्थ यांना तर तुटलेलं नातं पुन्हा जुळवायला आठ वर्षं लागतात.

मुलींना हे वाचावंसं वाटतं याचा मला मनापासून आनंद आहे. जिथे फोटो आणि पगाराचा आकडा पाहून आठवड्यात होकार-नकार कळवायचा असतो, तिथे सावकाश वाढणाऱ्या प्रेमाची ओढ वाटणं फार चांगलं. त्यांतल्या एकीने विचारलं, आपल्याकडे असं कधी कुणाचं झालं का? त्या नेमक्या वर्षांत आपल्या खानदेशात पेंढाऱ्यांच्या स्वाऱ्या होत्या, ओस पडलेली गावं होती, आणि १८१८मध्ये तापीकाठच्या थाळनेरच्या किल्ल्यावर इंग्रजांनी किल्लेदाराला फासावर दिलं होतं. प्रेमकथा लिहून ठेवायला कोण बसलं असेल? पण पुढे साठेक वर्षांनी, दीपनगरहून महामार्गाने आज अडीच-तीन तास लागतात त्या धुळ्यात, एक जोडपं बदलीवर राहायला आलं. त्यांची गोष्ट मी तिला सांगितली. बायकोने स्वतः ती लिहून ठेवली आहे, म्हणून तर ती आपल्याला कळते.

न्यायाधीश महादेव गोविंद रानडे आणि रमाबाई. लग्न झालं डिसेंबर १८७३मध्ये. ते बत्तिशी गाठत आलेले, ती अकरा वर्षांची. हे आकडे आज वाचताना अंगावर काटा येतो आणि यायलाच हवा. कुठल्याही गोडव्याने हे झाकता कामा नये. त्या मुलीला कुणी काही विचारलं नव्हतं. आणि खरं म्हणजे रानड्यांनाही हे लग्न नको होतं. पहिली पत्नी सखूबाई त्याच वर्षी वारली होती. ते विधवाविवाहाचे पुरस्कर्ते, आता ते विधवेशीच लग्न करतील अशी मित्रांची खात्री. वडिलांना नेमकी तीच भीती. वडिलांनी घाईने कुर्लेकरांची मुलगी ठरवली आणि मुलगा ऐकत नाही असं पाहून संबंध तोडायची भाषा केली. रानडे झुकले. त्यांच्या आयुष्यातला हा सगळ्यांत दुबळा क्षण असं मला वाटतं. पुण्यात त्यांची जी टवाळी झाली, ती त्यांनी मुकाट्याने सोसली.

विलायती कादंबरीत नायक मागणी घालतो तो प्रसंग फार रंगवतात. इथे मागणीचा प्रसंग म्हणजे मुलीच्या वडिलांसमोर नायकाने स्वतःची उणीदुणी काढणं. मी सुधारक आहे, मला परदेशी जायचं आहे आणि परत आल्यावर प्रायश्चित्त घेणार नाही, दिसायला धडधाकट वाटलो तरी डोळे अधू आहेत, ऐकू कमी येतं. वडील तरीही मागे हटले नाहीत. गोरज मुहूर्तावर लग्न लागलं आणि नवरदेव घरी येऊन आपल्या खोलीचं दार लावून बसला.

इंग्रजी गोष्ट जिथे संपते तिथून आपली सुरू होते ती अशी. दोन अनोळखी माणसं एका घरात, त्यांतलं एक मूल. रानड्यांनी त्या मुलीला पहिल्यांदा जवळ बसवून विचारलं, तुझं माझ्याशी लग्न झालं, मी कोण, माझं नाव काय, ठाऊक आहे का? तिने माहेरी ऐकलेलं नाव सरळ सांगून टाकलं. मग माहेरच्या चौकशा झाल्या. मग विचारलं, लिहिता-वाचता येतं? नाही. लगेच पाटी आली. त्या घरातलं त्या दोघांचं पहिलं बोलणं मुळाक्षरांवरून झालं. दिवसभर कोर्ट, संध्याकाळी सभा आणि भेटीला येणारी माणसं, आणि रात्री बायकोचा धडा. ज्या अन्यायात ते स्वतः सामील झाले होते त्याची भरपाई करायचा दुसरा रस्ता त्यांना दिसला नसावा. हा रस्ता मात्र त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

घर मोठं होतं. सासू, विधवा नणंद, आलेली-गेलेली आप्त मंडळी. सून शिकते हे कुणालाच रुचत नव्हतं, आणि बोलणी नवऱ्याला नव्हती, सुनेला होती. अशी बोलणी किती खोल जातात ते एकत्र घरात राहिलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. तिने नवऱ्याकडे गाऱ्हाणं न्यायचं नाही आणि धडाही सोडायचा नाही, असं दोन्ही बाजूंनी सांभाळलं. माझ्या लेखी या गोष्टीची खरी नायिका इथे उभी राहिली. बारा-तेरा वर्षांची पोर दिवसभर टोमणे ऐकते आणि रात्री पुन्हा पाटीपुढे बसते, तेव्हा ती कुणाच्या हुकमाने बसत नाही. तिला आता ते हवं झालेलं असतं.

१८७८मध्ये रानड्यांची बदली नाशिकला झाली आणि पुण्याचा गोतावळा थोडा दूर राहिला. तिथे इंग्रजी सुरू झालं, घरखर्चाचा हिशेब तिच्या हाती आला, आणि तिथेच मुलींच्या शाळेच्या बक्षीस समारंभात तिने पहिल्यांदा चार लोकांसमोर आभाराचे शब्द वाचले. मग मे १८७९मध्ये पुण्यात पेशव्यांचा बुधवारवाडा जळाला. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाने सरकार हादरलं होतं आणि पुण्यातल्या प्रत्येक शिकल्यासवरल्या माणसावर संशय होता. रानड्यांना ऐन उन्हाळ्यात धुळ्याला जायचा हुकूम आला. मित्र म्हणाले, डोळ्यांचं कारण सांगून बदली टाळा, खानदेशचं ऊन तुम्हाला सोसणार नाही. रानड्यांनी मानलं नाही. नोकरी आहे तोवर पाठवतील तिथे जायचं.

आपण इथले. मे महिन्यात भुसावळला पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही, प्रकल्पातून सुटलेली माणसं डोक्याला रुमाल गुंडाळून घर गाठतात. म्हणून त्या बदलीचा अर्थ आपल्याला पुस्तकाबाहेरही समजतो. धुळ्याला तेव्हा रेल्वे नव्हती. सतरा वर्षांची रमा, अधू डोळ्यांचा नवरा, पांझरेकाठचं परकं गाव. त्यात टपाल फोडलेलं येऊ लागलं. घरच्या पत्रांपासून सगळं कुणीतरी आधी वाचलेलं. बंडवाल्यांच्या नावाची बनावट पत्रंही येत, ती पाहून हा माणूस काय करतो ते बघायला. रानडे ती पत्रं तशीच्या तशी पोलिसांकडे धाडून देत आणि आपल्या कामाला लागत. जुलैमध्ये फडके पकडले गेले, हळूहळू संशयही मावळला.

या धुळ्याच्या दिवसांत त्यांच्यात काय घडलं असेल, याचा मी बराच विचार केला आहे. नाच नाहीत, बागेतल्या भेटी नाहीत. चारी बाजूंनी पाळत असताना घरात विश्वासाचं एकच माणूस आहे आणि ते आपल्याशी बोलण्याइतकं, आपली काळजी वाटून घेण्याइतकं मोठं झालं आहे, हे रानड्यांना त्या फोडलेल्या पाकिटांच्या काळात कळलं असणार. धडा देणारा आणि धडा घेणारी एवढ्यावर ते नातं आता थांबणार नव्हतं. जानेवारी १८८१मध्ये मुंबईची नेमणूक आली. धुळं सोडलं तेव्हा रमाबाई एकोणीस वर्षांच्या होत होत्या.

पुढचं सगळं गोडच होतं असं मी म्हणणार नाही. पुण्यात एकदा त्यांच्या वागण्याने रानडे दुखावले. ते रागावले नाहीत, चार शब्द सुनावलेही नाहीत, नुसते बोलायचे थांबले. रमाबाई रात्री त्यांच्या तळपायांना तूप चोळत बसल्या तरी शब्द नाही. शेवटी त्यांनी क्षमा मागितली तेव्हा मौन सुटलं. हा प्रसंग मला टोचतो. इतका समंजस माणूस, पण न बोलण्याचं बळ किती मोठं आहे आणि ते कुणाच्या हाती आहे, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. त्या काळच्या चांगल्या नवऱ्याचीही ही मर्यादा होती, आणि रमाबाईंनी ती लपवली नाही याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. ‘उंच माझा झोका’ ही मालिका २०१२मध्ये घरोघरी पाहिली गेली. ती पाहून ज्यांना या दोघांचा लळा लागला त्यांनी रमाबाईंनी लिहिलेलं मूळ पुस्तक जरूर वाचावं. त्यातली रमाबाई अधिक अवघड आहे आणि अधिक खरी.

त्याच पुस्तकात दुसरंही आहे. रानडे पहाटे उठून अभंग म्हणत, चुटक्या-टाळ्या वाजवत, डोळे भरून येत. पाठांतर मात्र धड नसे. एका अभंगाची ओळ दुसऱ्याला जोडली जाई. रमाबाई ऐकत असत आणि हसून त्यांना ते दाखवून देत. १८८६मध्ये ते सरकारी कामासाठी कलकत्त्याला असताना रोज दाढी करायला येणाऱ्या न्हाव्याकडून रानडे बंगाली शिकू लागले. वस्तरा फिरतो आहे आणि हे पुस्तकातले शब्द विचारताहेत. रमाबाईंनी ते पाहिलं, तेव्हाही थट्टा केली. आणि मग तेच बंगाली त्या त्यांच्याकडून शिकल्या. लग्नानंतर पाटीपुढे मुळाक्षरं गिरवायला बसलेली मुलगी हायकोर्टाच्या योग्यतेच्या माणसाची मोकळेपणाने थट्टा करते, याला बारा-तेरा वर्षं लागली. इंग्रजी कथेतलं कुठलंही कबुलीचं भाषण मला या हसण्यापेक्षा मोठं वाटत नाही.

आमच्या वसाहतीतल्या लग्नाळू मुलामुलींना मी अकराव्या वर्षीचं लग्न सांगत नाही. त्यांची निवड त्यांची आहे आणि ती असायलाच हवी, तेवढ्यासाठी या देशात शंभर-दीडशे वर्षं लोक झटले, त्यांत रानडेही होते. मी एवढंच विचारतो, की ज्याच्याशी किंवा जिच्याशी आयुष्य जोडायचं, त्या माणसाला पुढच्या दहा वर्षांत काय शिकावंसं वाटतं, हे तुम्ही विचारलंत का? बायोडाटात उंची असते, गोत्र असतं, पॅकेज असतं. हा रकाना मला अजून कुठे दिसलेला नाही.

१६ जानेवारी १९०१ला रानडे गेले. रमाबाई एकोणचाळिसाव्या वर्षात होत्या. बराच काळ त्या घराबाहेर फारशा पडल्या नाहीत. मग येरवड्याच्या तुरुंगातल्या बायकांना भेटायला जाऊ लागल्या, १९०९मध्ये पुण्याचं सेवासदन उभं राहिलं, १९१०मध्ये ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ छापून आलं. सेवासदनात बायकांना लिहायला-वाचायला, शिवायला शिकवत, शिक्षिका आणि परिचारिका होण्यासाठी तयार करत. शिकायला येणाऱ्यांमध्ये पुष्कळ विधवा होत्या. १८७३च्या डिसेंबरात जिच्याशी लग्न करण्याचं धैर्य रानड्यांना झालं नाही, तशा कितीतरी जणींना तिच्या जागी आलेल्या त्या मुलीने स्वतःच्या पायांवर उभं केलं.